फ्लॉरेन्सचे पूल आणि करवीरचे छत्रपती

इटलीतील फ्लॉरेन्स या नगरीस जाणारा मराठी प्रवासी ब्रुनेलेस्कीने रचलेला प्रचंड घुमट पाहतो, मायकेलँजेलोच्या डेव्हिडपुढे क्षणभर स्तब्ध होतो, उफ्फित्सीच्या दालनांतून थकेपर्यंत हिंडतो आणि सायंकाळी जुन्या पुलावरील सराफांच्या दुकानांपुढून एक फेरी मारून दुसऱ्या दिवशी रोम अथवा व्हेनिसची गाडी पकडतो. या यात्राक्रमात गैर काहीच नाही. तथापि ज्याच्यापाशी आणखी एक दिवस शिल्लक असेल, त्याने तो निव्वळ पुलांसाठी राखून ठेवावा, आणि नदीच्या वरच्या अंगास प्रारंभ करून प्रवाहाबरोबर खाली पायी चालत जावे, असा माझा आग्रह आहे. या आग्रहास दोन कारणे आहेत. फ्लॉरेन्समधील जुन्या पुलांपैकी महापुराने, माणसांच्या गर्दीने अथवा युद्धाने एकदा तरी जमीनदोस्त झाला नाही असा पूल शोधून सापडणार नाही, आणि प्रत्येक पतनानंतर नगरीने काय राखायचे, काय सोडायचे आणि काय जसेच्या तसे परत उभे करायचे याविषयी जो निर्णय घेतला, तो त्या त्या पुलाच्या दगडांत आजही वाचता येतो. दुसरे कारण आपल्या अधिक जिव्हाळ्याचे. या मालिकेतील खालच्या टोकाचा पूल ज्याच्या स्मरणामुळे आपले नाव मिरवितो, तो तरुण करवीरच्या गादीचा छत्रपती होता.

प्रथम नदीविषयी. आर्नो ही आपेनाइन पर्वतातील फाल्तेरोना शिखराच्या उतारावर उगम पावून, सुमारे २४१ किलोमीटरांचा वळणावळणाचा मार्ग आक्रमून, पिसा शहराच्या पुढे समुद्रास मिळते. युरोपातील नद्या म्हटल्या की बाराही महिने दुथडी भरून वाहणारे, नौकांनी गजबजलेले जलमार्ग आपल्या डोळ्यांपुढे येतात, पण आर्नोचा स्वभाव तसा नाही. उन्हाळ्यात ती इतकी रोडावते की पात्रातील वाळूची बेटे उघडी पडतात, आणि शरद ऋतूत डोंगरावर पाऊस कोसळला की काही तासांच्या अवधीत तिचे पाणी धक्क्याच्या भिंतींस भिडते. आम्हां वर्धेजवळच्या नालवाडीकरांना हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. आमच्या नालवाडीहून नागपूरच्या रस्त्याने निघाले की थोड्याच अंतरावर पवनारची धाम नदी लागते. वैशाखात तिच्या पात्रातील काळे खडक मोजून घ्यावेत आणि श्रावणात त्याच खडकांवरून गढूळ पाण्याचा लोंढा जाताना पाहावा. अशा नदीवर पूल बांधणाऱ्यास दोन परस्परविरोधी गोष्टींचा मेळ घालावा लागतो. पात्रात खांब जितके अधिक, तितके बांधकाम सोपे. पण खांब जितके अधिक, तितका पुराच्या पाण्यास अडथळा मोठा, आणि वाहून येणारी झाडे, ओंडके व मोडक्या घरांचे वासे त्या खांबांत अडकून शेवटी पूलच बंधाऱ्यासारखा पाण्याचा सगळा रेटा अंगावर घेतो. फ्लॉरेन्सच्या पुलांचा तांत्रिक इतिहास हा या एका पेचातून सुटण्याचा सुमारे आठशे वर्षांचा प्रयत्न होय.

वरच्या अंगास असलेला पोन्ते सान निकोलो ओलांडून आपण ग्रात्स्येच्या पुलापाशी येतो. तेराव्या शतकात रुबाकोन्ते दा मांदेल्लो या नगरपालाच्या अमदानीत तो प्रथम बांधला गेला आणि बराच काळ त्याच्याच नावाने ओळखला जाई. ४ नोव्हेंबर १३३३ रोजी आर्नोला जो महापूर आला, त्यात नगरीतील इतर पूल कोसळले, आणि हा एकटा उभा राहिला. आज तेथे जो पूल दिसतो तो सडपातळ पायांचा, १९५० नंतरच्या दशकात बांधलेला आधुनिक पूल आहे, कारण १९४४ साली माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने जुना उडविला आणि त्याच्या जागी नव्या धर्तीचाच पूल उभारावा असे ठरले. त्यामुळे प्रवासी येथे सहसा थांबत नाहीत. पण या पुलाचा एक वृत्तान्त असा आहे की जो वर्धेच्या परिसरात राहणाऱ्या माणसाच्या मनात घर करून राहतो. जुन्या पुलाच्या खांबांवर लहान लहान प्रार्थनामंदिरे आणि कोठड्या होत्या, आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस काही स्त्रियांनी संसाराचा त्याग करून यांपैकी एका कोठडीत स्वतःस अक्षरशः चिणून घेतल्याप्रमाणे एकान्तवास पत्करला. खाली नदी, दोन्ही अंगांनी रहदारी आणि मध्ये हा विरक्त समुदाय, अशा स्थितीत त्या साध्वी राहिल्या आणि संख्या वाढल्यावर १४२४ साली गावातील मठात गेल्या. तो मठ पुढेही ‘चिणलेल्या स्त्रियांचा’ म्हणूनच ओळखला गेला.

हे वाचताना पवनारचा पूल आठवल्याखेरीज राहत नाही. विनोबा नालवाडीत राहून सूतकताई, चर्मोद्योग आणि ग्रामसेवेची कामे चालवीत असत. त्या परिश्रमांनी त्यांची प्रकृती अगदी खालावली तेव्हा, गांधीजींच्या सांगण्यावरून हवापालट करण्यासाठी, १९३८ च्या मार्च महिन्यात जमनालालजी बजाजांच्या पवनार येथील बंगल्यात ते राहावयास गेले. मोटार धाम नदीच्या पुलावरून जात असता ‘मी सर्व सोडले’ या अर्थाचा उच्चार त्यांनी तीनदा केला, अशी आठवण त्यांनीच पुढे सांगितली आहे, आणि सर्व चिंता तेथेच टाकून दिल्यावर त्यांचे शरीर हळूहळू सावरले. पुढे १९५९ साली त्याच नदीच्या काठी त्यांनी स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. काल, देश, धर्म सर्व भिन्न. परंतु संसार एका तीरावर ठेवून दुसऱ्या तीराकडे निघालेल्या माणसास पूल ही निर्णयाची जागा वाटावी, यात मानवी मनाचे काहीतरी सामाईक सत्य आहे असे मला मनापासून वाटते.

ग्रात्स्येच्या पुलावरून प्रवाहाच्या दिशेने पाहिले की जुना पूल, म्हणजे पोन्ते वेक्यो, समोर दिसतो, आणि त्याचे उत्तम दर्शन येथूनच घडते. त्याच्यावर उभे राहून तो दिसत नाही, कारण दोन्ही अंगांच्या दुकानांमुळे आपण पुलावर आहोत की एखाद्या पेठेत, हेच प्रथम उमगत नाही. ११७७ च्या पुरात येथील पूर्वीचा पूल पडला, नंतर बांधलेला १३३३ मध्ये वाहून गेला, आणि विद्यमान पूल १३४५ साली पुरा झाला. त्याचा स्थपती कोण याविषयी विद्वानांत एकमत नाही. कलावंतांचा चरित्रकार आणि स्थपती वासारी याने ताद्देओ गाद्दीचे नाव घेतले आहे, तर अलीकडचे काही अभ्यासक नेरी दी फियोरावान्ते यास श्रेय देतात. स्थपती कोणीही असो, त्याने केलेले कार्य असामान्य होते. रोमन लोकांपासून चालत आलेली कमान अर्धवर्तुळाकार असे, आणि अर्धवर्तुळाचा नियम असा की गाळा तीस मीटरांचा हवा असेल तर कमानीची उंची पंधरा मीटर भरलीच पाहिजे. सखल काठांच्या नगरीत एवढी उंची घेणे म्हणजे पुलास उंटाचे मदार काढण्यासारखे; ती टाळावयाची तर गाळे लहान करून खांबांची संख्या वाढवावी लागे, म्हणजे पुन्हा पुराचे भय. पोन्ते वेक्योच्या कर्त्याने वर्तुळाचा अर्धा भाग न घेता त्याचा वरचा एक तुकडाच कमानीसाठी घेतला. त्यामुळे मधला गाळा सुमारे ३० मीटरांचा असूनही कमानीची उंची पाच मीटरांहून कमी राहिली, पात्रात अवघे दोन खांब उरले, आणि पाण्यास मोकळी वाट मिळाली. अशा सपाट कमानीचा रेटा खाली न जाता बाजूंना फार जातो, म्हणून काठावरचे बांधकाम तितकेच भक्कम ठेवावे लागते, आणि तेही त्याने ठेविले. चीनमध्ये चाओचोऊ येथे या तत्त्वावरचा पूल सातव्या शतकाच्या आरंभीच झाला होता, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. युरोपात मात्र इतक्या धाडसाने हे तत्त्व वापरणारा याच्या तोडीचा पूर्वज दाखविणे कठीण.

या पुलावरील दुकाने प्रथमपासूनच आहेत, कारण त्यांच्या भाड्यातून नगराच्या खजिन्यात भर पडे. पंधराव्या शतकात तेथे खाटकांची वस्ती झाली, आणि मांसाचे टाकाऊ अवशेष सरळ खिडकीतून नदीत टाकण्याची सोय असल्याने ती त्यांना मानवलीही. १५६५ साली राजपुत्राच्या विवाहानिमित्त वासारीने जुना राजवाडा आणि नदीपलीकडील पित्ती राजवाडा यांना जोडणारा झाकलेला मार्ग अवघ्या पाच महिन्यांत या दुकानांच्या डोक्यावरून नेला. राज्यकर्त्यांस रयतेत न मिसळता एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात जाता यावे हा त्यातील हेतू. नदीच्या दक्षिण तीरावर मान्नेल्ली घराण्याचा एक जुना बुरूज या मार्गाच्या आड आला. घराण्याने तो पाडण्यास संमती दिली नाही, आणि आश्चर्य असे की सत्ताधीशांनी ती जबरीने मिळविली नाही. तेथे मार्गच बुरुजास वळसा घालतो, आणि भिंतीतून पुढे काढलेल्या दगडी घोड्यांवर तोललेला तो कोपरा आजही मान वर करून पाहता येतो. पुढे १५९३ मध्ये महाड्यूक फेर्दिनान्दो पहिला याने फर्मान काढून खाटकांना हलविले आणि दुकाने सोनारांच्या हवाली केली. ती आजतागायत त्यांच्याच ताब्यात आहेत. दुकानांची पुढील बाजू प्रवासी पाहतातच, पण काठावर उतरून मागील बाजू अवश्य पाहावी. जागा अपुरी पडू लागली तशा मालकांनी मागच्या खोल्या नदीवर काढल्या. पिवळ्या-तांबूस रंगाची ती लहान लहान खोकी तिरप्या लाकडी आधारांवर पाण्यावर लोंबकळत आहेत, कुठे दोन खिडक्या, कुठे एकच झरोका, कुठे छपराची पातळी शेजाऱ्याहून हातभर खाली, आणि या सर्व अव्यवस्थेखालून त्या तीन कमानींची शांत, निर्दोष वक्ररेषा गेलेली. रात्री दुकानांवर लोखंडी पट्ट्यांनी मढविलेली जाड लाकडी झडपे ओढली जातात, तेव्हा ती पेठ एखाद्या ओळीने मांडलेल्या पेट्यांसारखी दिसते.

या पुलाच्या उत्तर टोकाशी युद्धदेव मार्स याचा म्हणून समजला जाणारा एक भग्न पुतळा असे, आणि १२१६ च्या ईस्टरच्या दिवशी त्याच्या पायाशी बुओन्देलमोन्ते नावाच्या तरुण सरदारास ठरलेला विवाह मोडल्याच्या सूडापायी ठार करण्यात आले. नगरीतील ग्वेल्फ आणि घिबेलीन या पक्षांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वैराचा आरंभ जुने बखरकार या खुनापासून धरतात. त्या वैराच्या उत्तरार्धात दान्तेला देशोधडीस लागावे लागले, आणि त्याच्या महाकाव्यात या घटनेचा उल्लेख आहे. पुतळा १३३३ च्या पुरात गेला. पूल मात्र त्यानंतर उभा राहिला तो कायमचा, आणि ४ नोव्हेंबर १९६६ रोजी, म्हणजे बरोबर त्याच तारखेस, आर्नोने पुन्हा एकदा नगरीत प्रवेश केला तेव्हा त्याची कठोर परीक्षा झाली. सांता क्रोचेच्या भागात पाणी सहा मीटरांच्या वर चढले होते. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने इशारा दिल्यामुळे काही सराफांनी आपला ऐवज वेळेवर हलविला. वाहून आलेल्या ओंडक्यांनी दुकानांच्या भिंती आरपार फोडल्या. पण सहाशे वर्षांच्या त्या कमानी हलल्या नाहीत.

आता सांता त्रीनिताच्या पुलाकडे वळू. माझ्या मते साऱ्या युरोपात इतका सुंदर पूल दुसरा नाही, आणि हे विधान मी विचारपूर्वक करीत आहे. १५५७ च्या पुरात येथील पूर्वीचा पूल नष्ट झाल्यावर ड्यूक कोझिमो पहिला याच्या आज्ञेने बार्तोलोमेओ आम्मानाती याने १५६७ मध्ये नव्या पुलाचे काम हाती घेतले. त्याच्या तीन कमानींचा वक्र वर्तुळाचा नाही आणि निखळ लंबवर्तुळाचाही नाही. खांबापाशी तो झपकन वर चढतो आणि मग इतक्या सपाटपणे मध्याकडे जातो की दगडाचे ओझे कोठे नाहीसे झाले हा प्रश्न पडावा. हा वक्र त्याने कोणत्या गणिताने काढला याविषयी पुढील शतकांत अभियंत्यांनी आणि गणितज्ञांनी पुष्कळ वाद घातला. कमानीच्या मध्यावर दोन्ही वक्ररेषा एकमेकींस मिळतात तेथे अगदी अल्पसा कोन पडतो, आणि नेमक्या त्याच ठिकाणी आम्मानातीने एक शुभ्र कोरीव ढाल बसविली आहे. नौकेतून जवळ गेल्यास हे चातुर्य ध्यानी येते, काठावरून डोळा फसतोच. १६०८ साली आणखी एका राजविवाहाच्या निमित्ताने पुलाच्या चार कोपऱ्यांवर चार ऋतूंचे पुतळे उभारले गेले. त्यांतील वसंताची मूर्ती पिएत्रो फ्रांकाव्हिला याची.

१९४४ च्या ऑगस्टमध्ये, ३ आणि ४ तारखांच्या मधल्या रात्री, जर्मन सैन्याने आर्नोवरील पूल सुरुंगांनी उडविले. केवळ पोन्ते वेक्यो शिल्लक ठेवला, आणि त्याच्या दोन्ही टोकांकडील मध्ययुगीन वाडे पाडून ढिगाऱ्यांनी रस्ते बंद केले. जुना पूल वाचविण्यासाठी गेरहार्ड वोल्फ या जर्मन वाणिज्यदूतानेच रदबदली केली होती; युद्धानंतर १९५५ मध्ये नगरीने त्यास सन्माननीय नागरिकत्व दिले, आणि त्याच्या नावाचा शिलालेख आज त्या पुलावर आहे. शत्रुराष्ट्राच्या अंमलदाराविषयी इतकी कृतज्ञता जाहीरपणे कोरून ठेवणे हे त्या नगरीच्या संस्कृतीचे मोठेपण होय. त्याच उन्हाळ्यातील आणखी एक प्रसंग महाराष्ट्राने विसरू नये. फ्लॉरेन्सच्या दक्षिणेस मोन्तेगुफोनी नावाच्या गढीत उफ्फित्सीतील अमूल्य चित्रे सुरक्षिततेसाठी ठेविली होती. आठव्या भारतीय डिव्हिजनची फौज तेथे पोहोचली तेव्हा मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान त्या गढीत होते, आणि भिंतींस टेकून उभ्या केलेल्या त्या चित्रांत बोत्तिचेल्लीचा ‘वसंत’ही होता. सातारा-रत्नागिरीकडच्या शेतकऱ्यांच्या मुलांच्या पहाऱ्यात चित्रातला वसंत सुखरूप राहिला आणि थोड्याच दिवसांनी, काही कोसांवर, दगडातल्या वसंताचे मस्तक सुरुंगाच्या धडाक्यात नाहीसे झाले.

सांता त्रीनिताच्या जागी काय बांधावे हा प्रश्न पुढे आला, तेव्हा काँक्रीटचा नवा पूल बांधणे सोयीचे आणि स्वस्त होते. नागरिकांनी ते मानले नाही. पूल जेथे होता तेथेच आणि जसा होता तसाच झाला पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. त्यासाठी निधी जमविला गेला, बर्नार्ड बेरेन्सनसारख्या कलापंडिताने त्याचा पुरस्कार केला, नदीच्या तळातून जुने घडीव दगड बाहेर काढण्यात आले, आणि कमी पडलेल्या दगडांसाठी बोबोली उद्यानातील जुनी खाण पुन्हा उघडण्यात आली. रिकार्दो गिझ्दुलिच या स्थपतीने आणि एमिलियो ब्रिझ्झी या अभियंत्याने उरलेले अवशेष, आलेख आणि छायाचित्रे यांवरून आम्मानातीचा तो वक्र परत सिद्ध केला. १९५८ च्या मार्चमध्ये पूल खुला झाला, तेव्हा चारही ऋतू आपापल्या जागी होते, पण वसंत बिनमस्तकाचा. त्या मस्तकासाठी इनाम जाहीर झाले, नाना अफवा उठल्या, आणि अखेरीस १९६१ साली नदीचा गाळ काढणाऱ्या मजुरांना ते पात्रातच सापडले. आज ते मूर्तीवर आहे. मानेवरचा सांधा जवळून निरखल्यास दिसतो, आणि तो दिसावा हेच योग्य. या पुलाबाबत ‘हा तर नवा पूल, मूळ कोठे आहे?’ असा आक्षेप काही पंडित घेतात. मला तो पटत नाही. ज्या पिढीने भुकेच्या आणि पडझडीच्या दिवसांत दगड न्‌ दगड शोधून आपल्या पूर्वजांची कृती पुन्हा उभी केली, तिचा त्या कृतीवरील हक्क आम्मानातीच्या खालोखाल आहे.

यानंतरचा काराइयाचा पूल रूपाने सामान्य आहे, त्याची कथा मात्र भयंकर. १३०४ च्या मे महिन्याच्या पहिल्या दिवशी सान फ्रेदियानो पेठेतील लोकांनी नदीत नौकांवर नरकाचा देखावा उभा केला आणि ज्यांना परलोकाचा वृत्तान्त हवा असेल त्यांनी पुलावर यावे अशी दवंडी पिटविली. लाकडी पुलावर इतकी गर्दी लोटली की तो मध्येच कोसळला आणि पुष्कळ माणसे बुडाली. ही हकीकत जोव्हान्नी व्हिल्लानी या बखरकाराने लिहून ठेविली आहे. त्यापुढील पूल अमेरिगो वेस्पुची याच्या नावाचा, १९५० नंतरचा, ज्याच्या नावावरून अमेरिका खंडास नाव मिळाले त्या दर्यावर्दीच्या घराण्याची वस्ती जवळच असल्यामुळे. येथून बहुतेक प्रवासी परत फिरतात. मराठी माणसाने फिरू नये.

आणखी खाली गेले की उजव्या तीरावर काशीने नावाचे लांबच लांब उपवन लागते. मूळची ही राज्यकर्त्या मेदिची घराण्याची गोठ्या-कुरणांची जमीन. पुढे ती सार्वजनिक झाली. १८१९ साली शेलीला पश्चिम वाऱ्यावरील आपली विख्यात कविता याच परिसरातील वनराईत स्फुरली. उपवनाच्या अगदी पश्चिम टोकास मुन्योने हा लहान प्रवाह आर्नोस मिळतो, आणि त्या संगमावर चार खांबांच्या छत्रीखाली एका फेटेधारी, रत्नालंकार ल्यालेल्या तरुणाचा रंगीत अर्धपुतळा आहे. हे करवीरचे छत्रपती राजाराम महाराज.

त्यांचा जन्म १८५० चा. दत्तकविधानाने १८६६ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर आले, इंग्रजी उत्तम शिकले, आणि १८७० साली, समुद्र ओलांडण्याविषयीचे धार्मिक निर्बंध अत्यंत कडक असताना, विलायतेस गेले. हिंदी संस्थानिकांत हे धाडस करणारे ते अगदी आरंभीचे. लंडनमध्ये त्यांनी राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली, पार्लमेंट पाहिले, ग्लॅडस्टनला भेटले, आणि दिवसभरात पाहिलेले सर्व इंग्रजीतून दैनंदिनीत टिपून ठेविले. परतीचा प्रवास युरोपच्या भूमीवरून करीत असता प्रकृती ढासळली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचे देहावसान झाले. वय अवघे वीस वर्षांचे.

बरोबरच्या मंडळींपुढे जो प्रश्न उभा राहिला त्याची कल्पना केली तरी मन गलबलते. परदेश, आप्त हजारो कोसांवर, आणि ज्या देशात मृताचे दहन ही कल्पनाच लोकांस अपरिचित, धर्मगुरूंस अमान्य, तेथे अग्निसंस्कार करावयाचा. तोस्कानाच्या किनाऱ्यावर १८२२ मध्ये बुडून मेलेल्या शेलीचे दहन झाले होते, तेही संसर्गप्रतिबंधाच्या कायद्यामुळे. इटलीतील मिलानची पहिली आधुनिक दहनभूमी सुरू व्हावयास १८७६ साल उजाडायचे होते. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीच्या राज्याची राजधानी होती, आणि तेथील अधिकाऱ्यांनी ही परवानगी दिली. दोन जलप्रवाहांच्या संगमाची जागा निवडण्यात आली, आणि डिसेंबरच्या थंडीत, फ्लॉरेन्सकरांच्या विस्मित दृष्टीसमोर, शिवछत्रपतींच्या वंशगादीचा अधिपती हिंदू विधीप्रमाणे पंचत्वात विलीन झाला. पंचगंगेच्या घाटावर ज्याचे दहन व्हावयाचे, त्यास शेवटी संगम लाभला तो आर्नो-मुन्योनेचा.

त्यांच्यासमवेत गेलेले कॅप्टन वेस्ट यांनी ती दैनंदिनी संपादून १८७२ मध्ये लंडनला छापविली. स्मारक १८७४ साली पुरे झाले: अर्धपुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या शिल्पकाराचा, आणि छत्रीची रचना मेजर चार्ल्स मँट यांची, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास यांचे आराखडे केले. चौथऱ्यावर चार भाषांत लेख कोरले आहेत. कोल्हापुरात त्यांचे नाव राजाराम कॉलेजच्या रूपाने राहिले, आणि त्याच गादीवर १८८४ मध्ये शाहू महाराज दत्तक आले, हे आपण जाणतोच. फ्लॉरेन्सच्या लोकांनी या स्मारकास ‘इंदियानो’ एवढेच म्हणावयास सुरुवात केली, आणि हळूहळू तो सारा भागच त्या नावाने ओळखला जाऊ लागला.

म्हणूनच १९७२ ते १९७८ या काळात शहराच्या पश्चिमेची रहदारी नदीपलीकडे नेण्यासाठी येथे जो प्रचंड पोलादी पूल बांधला गेला, त्याचे नाव पोन्ते आल इंदियानो, म्हणजे त्या हिंदी पुरुषापाशी असलेला पूल. स्थपती आद्रियानो मोन्तेमान्यी आणि पाओलो सिका. अभियंता फाब्रिझियो दे मिरांदा. याचा गाळा २०६ मीटरांचा असून पात्रात एकही खांब नाही. दोन्ही तीरांवरील कलत्या मनोऱ्यांवरून तिरप्या तारा निघतात; काही पुलाच्या तुळईस धरतात, आणि मागील तारा सरळ जमिनीत गाडलेल्या भक्कम पायांत रोविलेल्या आहेत. इतक्या मोठ्या गाळ्याचा, तारांचा ताण भूमीस बांधलेला, या जातीचा हा जगातील आरंभीचा पूल मानला जातो. चौदाव्या शतकात ज्या स्थपतीने दोन खांबांवर भागविले, त्याच्या नगरीने विसाव्या शतकात तेही खांब पात्रातून काढून टाकले. वरच्या रस्त्याखाली पादचाऱ्यांसाठी निराळी वाट लटकाविलेली आहे, आणि तिच्यावरून नदी शांतपणे पाहता येते. वरच्या मोटारींचा तेथे उपद्रव नाही.

तेथवर जाणे कठीण नाही. सांता मारिया नोव्हेल्ला या मुख्य स्थानकापासून ट्राम निघते. काशीनेच्या थांब्यावर उतरून नदीकाठच्या झाडीतून पश्चिमेस दोन-अडीच किलोमीटर चालावे. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघावे, कारण दुपारचे ऊन वैदर्भी माणसासही जाणवते. शरदात गेल्यास पावसाचा अंदाज घेऊन जावे. नोव्हेंबरची आर्नो कशी असते ते वर सांगितलेच आहे. बरोबर पाणी आणि खाऊ असू द्यावा, त्या टोकास हॉटेले विरळ आहेत. आणि शक्य झाल्यास निघण्यापूर्वी महाराजांची ती दैनंदिनी एखाद्या ग्रंथालयातून मिळवून वाचावी. वीस वर्षांच्या त्या जिज्ञासू तरुणाने लंडनमध्ये काय काय आणि किती बारकाईने पाहिले हे ठाऊक असल्यावर त्या रंगीत पुतळ्यापुढे उभे राहणे निराळे वाटते.